पेटीचा धनी कोण?

आमच्या दिवाणखान्यांत दूरचित्रवाणीच्या खालीं एक काळी, चपटी पेटी आहे. तशी ती आतां बहुतेक प्रत्येक घरीं असते. तिचे पैसे आम्हीं दिले, पावती कपाटांत जपून ठेविली आहे, विजेचें बिलही आम्हीच भरतों, आणि तिच्यावरची धूळ धाकट्या सूनबाई रोज पुसतात. इतकें सर्व असूनही ती पेटी आमची आहे असें छातीवर हात ठेवून म्हणण्याचें धैर्य गेल्या पावसाळ्यापासून मला राहिलेलें नाहीं.

झालें तें असें. आमच्या आत्याबाईंचें वय ब्यायशी. रिमोटवरील अक्षरें त्यांस दिसत नाहींत. परंतु सह्याद्री वाहिनीचा क्रमांक त्यांच्या बोटांस पाठ होता. संध्याकाळीं देवापाशीं दिवा लावून झाला कीं त्या येऊन बसत, तीन कळा दाबीत आणि बातम्या ऐकत. एके दिवशीं त्यांनीं नेहमींच्या कळा दाबल्या, तों पडद्यावर भलत्याच भाषेंतील सासूसुनांचें भांडण सुरू झालें. कंपनीनें रातोरात सर्व वाहिन्यांचे क्रमांक बदलले होते. चौकशी केली तेव्हां दूरध्वनीवरील मुलीनें मोठ्या अदबीनें सांगितलें, "काका, तें वरूनच होतं. पेटींत आपल्याला कांहीं करतां येत नाहीं." ‘वरून’ म्हणजे आकाशांतून कीं मुख्य कचेरींतून, हें मीं विचारलें नाहीं. आत्याबाई मात्र त्या दिवशीं बातम्या न ऐकतांच उठल्या.

प्रसंग क्षुल्लक, आणि मीही तो विसरून गेलों असतों. परंतु त्याच आठवड्यांत आमचे एक स्नेही घरीं आले. नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षें जर्मनींत डॉर्टमुंड शहरीं राहून ते नुकतेच पुण्यास परतले आहेत. हा वृत्तांत ऐकून ते हंसले व म्हणाले, "पेटीचा धनी कोण, हा प्रश्न तिकडच्या पोरांनीं पंचवीस वर्षांपूर्वींच काढला होता, आणि नुसता काढून ते स्वस्थ बसले नाहींत." त्या संध्याकाळीं त्यांनीं सांगितलेली व मागाहून मीं वाचून पडताळून पाहिलेली ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

ती समजण्यास ही पेटी करते तरी काय, हें थोडें पाहिलें पाहिजे. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून जे उपग्रह पृथ्वीबरोबर फिरतात ते आपणांस आकाशांत एकाच जागीं स्थिर भासतात. म्हणून गच्चीवरील छत्री एकदां नीट रोखून बसविली कीं पुरते. १९९३ सालीं युरोपांतील प्रसारक व कारखानदार एकत्र आले, त्यांनीं डीव्हीबी नांवाचा उपक्रम सुरू केला, आणि १९९४ सालीं उपग्रहावरून अंकीय चित्र पाठविण्याची पद्धति ठरविली. तीच पुढें आपल्याकडेही आली. या पद्धतींत चित्र व आवाज यांचे अंक करून ते १८८ बाइटांच्या लहान लहान पुडक्यांत बांधतात. प्रत्येक पुडक्याच्या कपाळीं एक क्रमांक असतो. हें पुडकें कोणत्या वाहिनीच्या चित्राचें, तें कोणत्या आवाजाचें, हें त्यावरून समजतें. उपग्रहाच्या एका वाहक लहरीवरून अशा रीतीनें दर सेकंदास सुमारें ३ कोटि ८० लक्ष बिट खालीं येत असतात, आणि त्यांत आठ-दहा वाहिन्यांचीं पुडकीं एकमेकांत मिसळून धांवत असतात. सबंध गांवाचीं पत्रें एकाच थैलींतून यावींत तशांतला हा प्रकार. थैली फोडून आपल्या घरचीं तेवढींच पत्रें निवडावयाचीं व वाचून दाखवावयाचीं, हें पेटीचें काम.

हें काम करावयास संगणकच लागतो. म्हणजे आपण जीस पेटी म्हणतों तो एक लहानसा, पुरता संगणक असतो. फक्त त्यास हुकूम करण्याचा अधिकार आपणांस दिलेला नसतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. चित्र मुळांतच अंकरूपानें आलेलें असल्यामुळें तें मुद्रित करणें म्हणजे तीच पुडकीं जशींच्या तशीं तबकडीवर टाकून ठेवणें. जुन्या व्हीसीआरच्या फितीवर चित्र फिकट होई, तसें येथें होत नाहीं. सेकंदास ४० लक्ष बिट धरले तर एका तासाचा कार्यक्रम सुमारें १.८ गिगाबाइट जागेंत मावतो. काम इतकें सोपें असतां तें करूं द्यावें कीं देऊं नये, हा वाद मात्र तंत्राचा राहत नाहीं. तो मालकीचा होतो.

१९९६ सालीं जर्मनींत लिओ किर्ख यांच्या उद्योगसमूहानें डीएफ१ नांवाची पैसे घेऊन दाखविण्याची सेवा काढली आणि तिच्यासाठीं डी-बॉक्स नांवाची पेटी बाजारांत आणली. मागाहून तिची दुसरी आवृत्ति निघाली. ती नोकिया, फिलिप्स व साजेम या तीन कंपन्या बनवीत. आंत ६६ मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी प्रोसेसर, ३२ मेगाबाइट स्मृति, आणि मागील बाजूस चक्क संगणकाच्या जाळ्यास जोडण्याची खांच! कारागिरी उत्तम होती. परंतु तींत किर्ख यांच्याच एका उपकंपनीचें जें सॉफ्टवेअर घातलें होतें तें असें मंद, कीं कळ दाबावी आणि वाहिनी बदलण्याची वाट पाहत बसावें. धडधाकट घोड्याच्या पायांत खोडा घालावा तशी ती पेटी होती.

कांहीं तरुणांस हें पाहवेना. २००१ च्या सुमारास त्यांनीं या पेटींत मूळ सॉफ्टवेअरच्या जागीं लिनक्स बसविण्याचा उद्योग आरंभिला. लिनक्सचें चिन्ह असलेल्या टक्स या पेंग्विन पक्ष्यावरून त्यांनीं आपल्या कार्यास टक्सबॉक्स असें नांव दिलें. ना वेतन, ना कंपनीची संमति, ना आंतील चिपांचें माहितीपुस्तक. पेटी बाहेरचें सॉफ्टवेअर घेण्यास राजी व्हावी म्हणून आरंभीं कित्येकांस ती उघडून आंतील चिपेच्या पायांपाशीं क्षणभर तार टेकवावी लागे. हात हालला तर पेटी कायमची गप्प. पण जी जगे, ती जणूं दुसरा जन्म घेऊन उठे. वाहिन्या झटक्यासरशीं बदलूं लागल्या. यादी हवी तशी लावतां येऊं लागली. पेटींत तबकडी नव्हती, तर त्या मागच्या खांचेंतून कार्यक्रम थेट संगणकावर नेऊन सांठवूं लागले. २००२ च्या एप्रिलांत किर्ख समूहाचें दिवाळें वाजलें. पेट्या मात्र पुढें कित्येक वर्षें घरोघर चालत राहिल्या. कंपनी गेली तरी वस्तु निरुपयोगी झाली नाहीं, हें मला या सर्व प्रकरणांत विशेष वाटतें.

येथें लिनक्सविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें तें लिहावयास घेतलें व पुढल्याच वर्षीं एका विशिष्ट परवान्याखालीं सर्वांस खुलें केलें. त्या परवान्याचें मर्म गृहिणींस चटकन् कळेल. आपल्याकडे गोड्या मसाल्याचें प्रमाण सासू सुनेस सांगते, पण शेजारणीस सांगतांना एखादा जिन्नस हळूच गाळते. या परवान्यांत तशी चोरी चालत नाहीं. मसाला घ्या, आपल्या चवीप्रमाणें बदला, विका देखील. पण ज्यास मसाला द्याल त्यास बदललेलें प्रमाणही लिहून दिलेंच पाहिजे. या एका अटीमुळें जर्मनींतील एकानें केलेली दुरुस्ती हॉलंडमधील दुसऱ्यास फुकट मिळे, आणि तो तींत आपली भर घालून परत देई.

अशी मंडळी जमल्यावर व्यापारी मागें कसे राहतील? लुनेन या गांवच्या ड्रीम मल्टिमीडिया नांवाच्या कंपनीनें २००२ च्या सुमारास ड्रीमबॉक्स ही पेटी विकावयास काढली. तींत लिनक्स कारखान्यांतूनच घातलेलें होतें, आणि पडद्यावरचें एनिग्मा नांवाचें सॉफ्टवेअर डी-बॉक्सवर खटपट करणाऱ्यांच्याच वर्तुळांतून आलेलें होतें. तार टेकविण्याचा धोका संपला. पुढें एनिग्मा २ आलें. त्याचा दर्शनी भाग पायथन या सोप्या भाषेंत असल्यामुळें थोडकें प्रोग्रामिंग येणाऱ्या मनुष्यासही त्यांत हात घालतां येऊं लागला. कोरियांतून व्हीयू प्लस नांवाच्या पेट्या त्याच धर्तीवर निघाल्या. हौशी मंडळींनीं एनिग्मा २ वरून आपापल्या आवृत्त्या तयार केल्या. त्यांस ते ‘इमेज’ म्हणतात. हॉलंडची ओपनपीएलआय ही त्यांपैकीं प्रसिद्ध.

आमच्या स्नेह्यांनीं या मंडळींचें जें वर्णन केलें तें ऐकून मला आपल्याकडील सतारीच्या जवारीवर रात्र रात्र घालविणाऱ्यांची आठवण झाली. शनिवारीं जेवणें झालीं कीं पेटींत नवी इमेज घालावयाची, वाहिन्यांची यादी नव्यानें रचावयाची, प्रत्येक वाहिनीचें लहानसें चित्र तिच्या नांवापुढें बसवावयाचें. कोणी गच्चीवरील छत्रीस मोटर लावून आकाशांतील एका उपग्रहावरून दुसऱ्यावर ती फिरवीत बसे; यंत्रास आपलें अक्षांश-रेखांश सांगितलें कीं तें स्वतःच हिशेब करून छत्री वळवितें. जें दिसे तें पुष्कळदां न समजणाऱ्या भाषेंतील हवामानाचें वृत्त असे. पण तें आपण धरलें, याचाच आनंद! घरच्या बायकांस हें कितपत रुचत असेल, असें मीं विचारलें. त्यावर ते म्हणाले कीं, अशा हौशी लोकांत थट्टेनें ‘वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर’ म्हणून एक माप रूढ आहे. पत्नीस जें यंत्र न विचारतां चालवितां येईल त्याचें माप मोठें. थट्टा पुरुषांनीं बायकांवर केलेली दिसते खरी. परंतु माझ्या मतें ती उलटी वाचावी. पत्नीच्या कसोटीस न उतरणारें यंत्र अपुरें आहे, अशी ती कबुलीच नव्हे काय?

या मंडळींत ज्याचा उल्लेख आदरानें केला पाहिजे असा एक गृहस्थ क्लाउस श्मिडिंगर हा होय. बाजारांतील पेट्यांचा नाद न धरतां साध्या घरगुती संगणकांत उपग्रहाचें कार्ड बसवून त्याचीच पेटी करावी, ही त्याची कल्पना. २००० सालीं त्यानें व्हीडीआर नांवाची आज्ञावलि प्रसिद्ध केली. अशा कार्डांसाठीं लागणारे चालक-प्रोग्राम बर्लिनच्या कन्व्हर्जन्स या कंपनीनें लिहिले होते, आणि २००३ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६ मध्यें ते मूळ गाभ्याचाच भाग होऊन आले. व्हीडीआरचें सर्व काम रिमोटवरून चालतें. संगणकाचा कळफलक दिवाणखान्यांत आणावा लागत नाहीं. मुद्रित कार्यक्रमांतील जाहिरातींच्या आरंभीं व शेवटीं खूण करावी, म्हणजे तेवढा भाग कापून निघतो. वीस वर्षांहून अधिक काळ हा गृहस्थ ती आज्ञावलि सांभाळीत आला आहे. इतक्या अवधींत किती कंपन्या जन्मल्या आणि किती बुडाल्या!

आतां दुसरी बाजू. ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पैसे भरून पाहावयाच्या वाहिन्या कुलूपबंद करून पाठवितात, व किल्ली पत्त्याच्या आकाराच्या कार्डांत असते. ज्या पेटींत हवें तें सॉफ्टवेअर घालतां येतें तींत खोट्या किल्लीचें सॉफ्टवेअरही घालतां येतें, आणि युरोपांत पुष्कळांनीं तें घातलें. एकाचें कार्ड दहांनीं वांटून घेण्याचा धंदाही झाला. असल्या साधनांच्या व्यापारास युरोपीय संघानें १९९८ च्या निर्देशानेंच बंदी केली होती. यास्तव खुल्या पेटीच्या नांवास बट्टा लागला, आणि जो केवळ फुकट वाहिन्या पाहून आपली यादी नीट लावूं इच्छितो अशा सरळमार्गी मनुष्याकडेही संशयानें पाहिलें जाऊं लागलें. आमच्या स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, सुरी भाजी चिरते व बोटही चिरते. तें खरें, पण माझ्या मतें या मंडळींनीं आपल्यांतील चोरांविरुद्ध आवाज उठविण्यांत जी कुचराई केली तिची किंमत सर्वांस मोजावी लागली.

कंपन्यांनीं मग कुलूप अधिक घट्ट केलें, तें चोराच्या हातापुरतेंच नव्हे. १ नोव्हेंबर २००९ रोजीं जर्मनींत एचडी प्लस ही सेवा सुरू झाली. आरटीएलसारख्या खासगी वाहिन्यांचें स्पष्टतर चित्र तींत मिळूं लागलें. परंतु तिच्या अधिकृत पेटींत अशी योजना होती, कीं ठराविक कार्यक्रम मुद्रित करूं द्यावयाचा नाहीं, किंवा मुद्रित केल्यास जाहिरात पुढें सारूं द्यावयाची नाहीं. येथें चोरीचा प्रश्नच नव्हता. पैसे भरलेल्या ग्राहकास त्याच्याच घरांत, त्याच्याच रिमोटची एक कळ बंद करून दिली होती. ज्यांच्या घरीं मूल रडलें म्हणून मालिका मध्येंच थांबवावी लागते त्यांस या कळेचें मोल विचारावें.

अमेरिकेंत हाच वाद निराळ्या वळणानें गेला. १९९९ सालीं तेथें टीव्हो नांवाचें मुद्रण-यंत्र निघालें. तेंही लिनक्सवर चालणारें. परवान्याप्रमाणें कंपनीनें आपले फेरफार प्रसिद्ध केले, म्हणजे मसाल्याचें प्रमाण लिहून दिलें. पण पुढील यंत्रें अशीं घडविलीं कीं कंपनीच्या सहीशिवायचें सॉफ्टवेअर तीं चालवीतच ना. प्रमाण तुमच्या हातीं, पण आमच्या पातेल्यांत तुमचा मसाला शिजणार नाहीं, असा तो मामला! रिचर्ड स्टॉलमन यांनीं या युक्तीस ‘टीव्होकरण’ असें नांवच पाडलें, आणि २००७ च्या जूनमध्यें परवान्याची जी तिसरी आवृत्ति निघाली तींत ही पळवाट बुजविली. मौज अशी कीं, खुद्द टॉरवाल्ड्स यांस तें पटलें नाहीं. यंत्र कसें करावें हा यंत्र करणाराचा प्रश्न, आपणांस सॉफ्टवेअर परत मिळाल्याशीं काम, असें त्यांचें मत. आणि लिनक्स अद्याप जुन्याच परवान्यावर आहे. दोघेही प्रामाणिक, दोघेही थोर. माझा कल स्टॉलमन यांच्याकडे आहे. त्यास कारण कदाचित् आमच्या आत्याबाईच असतील. ड्रीमबॉक्सवाल्यांविषयीं देखील एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या पेटीच्या नकला निघूं लागल्या. आणि आपल्या कांहीं जोड-आज्ञावलींवर त्यांनीं, ही फक्त आम्हीं परवानगी दिलेल्या यंत्रांवरच चालवावी, अशी अट घातली. नकलांची झळ ज्यास लागली त्यास दोष देणें सोपें नाहीं. तरी ज्या विहिरीचें पाणी पिऊन वाढलों तिच्यावर फळी टाकण्याचाच तो प्रकार होता.

आपल्याकडे काय स्थिति आहे? नियम कागदावर उत्तम आहेत. घरोघर थेट उपग्रहसेवा देण्याचे जे नियम सरकारनें २००१ सालीं केले त्यांतच, एका कंपनीची पेटी दुसरीच्या सेवेस चालावी, अशी अट होती. प्रत्यक्षांत कंपनी बदलली कीं पेटी माळ्यावर जाते, हा अनुभव कोणास नाहीं? केबलचें अंकीकरण मुंबईस २०१२ च्या अखेरीस व पुणें, नागपूर, नाशिक इत्यादि शहरीं २०१३ मध्यें आलें, तेव्हां आणखी लक्षावधि पेट्या घरांत शिरल्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२० च्या एप्रिलांत पुनः शिफारस केली कीं सर्व पेट्या परस्परांच्या सेवेस चालण्याजोग्या असाव्यात. तीच शिफारस एकोणीस वर्षांनीं पुनः करावी लागते, यांतच सर्व आलें.

मात्र एक दार उघडें आहे. दूरदर्शनची विनामूल्य उपग्रहसेवा डिसेंबर २००४ मध्यें सुरू झाली. हल्लीं तीस डीडी फ्री डिश म्हणतात. तिच्यावरील पुष्कळ वाहिन्यांस कुलूप नाहीं, महिन्याचें शुल्क नाहीं, आणि त्यांत आपली सह्याद्रीही आहे. कुलूप नाहीं म्हणजे कोणतीही योग्य पेटी चालते, आणि कायदाही मोडत नाहीं.

हें ऐकून मीं स्नेह्यांस घरीं पेटी घेऊन येण्याचा आग्रह केला. पुढल्या रविवारीं ते आपला जर्मनींतून आणलेला जुना डीएम ८०० घेऊन आले. गच्चीवर एक छत्री आग्नेयेस, ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे रोखली. आपल्या भागांतून तो आकाशांत बराच वर, साठ अंशांच्या जरा खालीं असतो. आमचे दोघे पुतणे वर, स्नेही खालीं, आणि जिन्यांत उभी राहून "आलं, गेलं, आलं" असें ओरडणारी धाकटी नात, अशी तासभर धामधूम चालली. चित्र आल्यावर त्यांनीं सह्याद्री पहिल्या क्रमांकावर बसविली, पडद्यावरचीं अक्षरें मोठीं केलीं, आणि घरांतल्या कोणासच नको असलेल्या सगळ्या वाहिन्या यादींतून काढून टाकल्या. यादींत अकरा उरल्या.

आत्याबाईंनीं एकची कळ दाबून पाहिली. मग पुनः एकदां दाबली. "उद्यां सकाळीं हें परत बदलणार नाहीं ना रे?" त्यांनीं विचारलें.

"बदललं, तर माझ्याच हातून बदललेलं असेल, आत्याबाई," स्नेही म्हणाले.

आणि झालेंही तसेंच. महिन्याभरानें ते आले, त्यांस नवी इमेज घालून पाहण्याची हुक्की आली, आणि ऐन मध्यावर वीज गेली. पेटी उठेना. दोन दिवस आत्याबाई बातम्यांसाठीं शेजारच्या जोशांकडे गेल्या. तिसऱ्या दिवशीं स्नेही संगणक घेऊन हजर झाले, दर्शनी कळ दाबून धरून पेटी सुरू केली, तिच्या लहानशा पडद्यावर आंकडे उमटले, आणि अर्ध्या तासांत जुनी इमेज पूर्ववत् आंत गेली. ती कळ कशी धरावयाची, हें आतां आमच्या थोरल्या पुतण्यानें वहींत लिहून ठेविलें आहे.